घाटावरचा शब्द

परवा चौकातल्या पानठेल्यावर हेडाऊ सरांचा विषय निघाला. कोणीतरी एका पुढाऱ्याच्या भाषणाची टिंगल करत होतं. तेवढ्यात दुसरा म्हणाला, "भाषण ऐकायचं तं हेडाऊ मास्तरचं. पण काय कामाचं? माणूस खोटा निघाला गा." बाकीच्यांनी माना हलवल्या आणि विषय क्रिकेटकडे वळला. मी तिथेच उभा होतो. अंगाचा तिळपापड झाला, पण बोललो नाही. सरांनी मला बोलू नका म्हणून बजावलं होतं आणि ते असेपर्यंत मी ते पाळलं. त्या पानठेल्यावरही सवयीनं पाळलं.

आता सर नाहीत. गेल्या हिवाळ्यात उमरेडला भावाच्या घरी वारले. ज्या माणसानं आमच्या अर्ध्या वस्तीच्या शोकसभा चालवल्या, त्याची शोकसभा झाली नाही. ज्या गोदामापायी हे सगळं घडलं ते विकलं गेलं. सुनीलची बायको रंजना, जिच्यासाठी मी गप्प होतो, ती दुसरीकडे चांगल्या जागी लागली. तेव्हा आता लिहायला हरकत नाही. रंजनानं हे वाचलं तर वाचो.

सर मराठी शिकवायचे, मी ड्रॉईंग. ड्रॉईंगच्या मास्तराला शाळेत कोणी हिशेबात धरत नाही. स्टाफरूममध्ये माझं टेबल हात धुवायच्या बेसिनजवळ होतं. सरांनी आपण होऊन त्यांची खुर्ची माझ्या शेजारी आणली. कारण विचारलं तर म्हणाले, "इथं लोक कमी बोलतात." हात धुताना माणसं बोलत नाहीत, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला ते "पेंटर" म्हणत. मी वयानं त्यांच्यापेक्षा बराच लहान, तरी त्यांचं अहो-जाहो कधी सुटलं नाही.

ठेंगणी मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, पायात सदा त्याच चपला. मी माणूस चेहऱ्यापेक्षा हातांवरून लक्षात ठेवतो, ही आमच्या धंद्याची खोड. सरांचे हात विणकराचे होते, लांब बोटांचे, हलके. बोलताना मात्र ते दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवायचे. "हात बोलायले लागले की तोंड आळशी होते," असं त्यांचं म्हणणं. उमरेडला त्यांच्या घरी हातमाग होते. मागाच्या खटखटीत ओरडून काही उपयोग नसतो. धोटा एका काठावरून दुसऱ्या काठावर जाऊन क्षणभर थांबतो, तेवढ्या फटीत बाप काय ते सांगायचा आणि तेवढ्यातच पोरांनी ते ऐकायचं. त्यामुळे सरांची वाक्यं जन्मभर आखूड राहिली. आमच्या मुख्याध्यापकांचं एक वाक्य सुरू होऊन संपेपर्यंत सरांचं अख्खं भाषण आटोपलेलं असायचं.

माईकसमोर गेले की ते आधी नुसते उभे राहायचे. शेवटच्या रांगेतला माणूस आपल्याकडे पाहत नाही तोवर तोंड उघडायचे नाहीत. नवीन माणसाला वाटायचं, मास्तर भाषण विसरले. एकदा स्नेहसंमेलनात माईकवाल्यानं घाबरून धावत येऊन वायर तपासली. सरांनी त्यालाही शांतपणे वायर तपासू दिली, तो जाऊन बसला, मग बोलले.

रविवारी सकाळी गांधीबागेच्या कापडबाजारात एका ठोक दुकानाच्या माडीवर त्यांचा भाषणाचा वर्ग भरायचा. बसायला कापडाच्या गाठी. येणारे नाना तऱ्हेचे. औषध कंपनीत काम करणारी पोरं, मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुली, महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई, निवडणुकीला उभं राहायची हौस असलेले दोन-तीन जण. सगळ्यांना घाई एकच, उभं राहून बोलायची. आणि सर पहिले काही आठवडे कोणाला बोलूच द्यायचे नाहीत. फळ्यावर काही लिहायचे नाहीत, पुस्तक नाही. म्हणायचे, "एक बोलणारा, एक ऐकणारा, अन् मधात जे सांडते ते. आपला अभ्यास सांडते त्याचा." मग दोघा-दोघांच्या जोड्या लावायचे. एकानं आपली एखादी गोष्ट सांगायची आणि दुसऱ्यानं तीच परत सांगायची. ज्याची गोष्ट तो जोवर "हो, हेच म्हणलं होतं मी" म्हणत नाही, तोवर सुटका नाही. यात एक से एक बोलघेवडे रडकुंडीला आले. काही तर दुसऱ्या रविवारी फिरकलेच नाहीत.

दुकानाचे मालक भगवानदासजी हेही वर्गाला बसायचे. त्यांना समाजाच्या संमेलनात भाषण करायचं होतं. त्यांची जोडी लागली हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मुलीशी. पारशिवनीकडची पोरगी. तिनं सांगितलं की मेसमधली भाजी पाणचट असते, डबा उघडला की ती नुसती रस्सा बाजूला करत बसते. भगवानदासजी उठले आणि "आज की युवा पिढी" म्हणून सुरू झाले. मुलगी म्हणाली, "नाही काका." त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, यावेळी अन्नाच्या महत्त्वावर. "नाही काका." असं बराच वेळ चाललं. आम्ही सगळे खिदळत होतो. शेवटी भगवानदासजी थांबले, तिच्याकडे नीट पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, तुले घरची आठवण येते."

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भगवानदासजींचा चेहरा असा फुलला की आता संमेलन जिंकलंच. सर मात्र म्हणाले, "चूक."

"अरे सर, पोरगी रो पडी!"

"रडली. पण हे ती म्हणली नव्हती. तुमच्या मनातलं तुम्ही तिच्या तोंडात घातलं. खरं असंल, नाही असं नाही. पण तिचं तिले म्हणू द्या ना. तुम्ही काहून तिच्या वाटचं बोलून राहिले?"

मला तेव्हा हा अतिरेक वाटला होता. एवढी छान जमलेली गोष्ट, कशाला मोडायची? पण सरांचं सगळं यावरच उभं होतं. दुसऱ्याच्या वाटचं बोलायचं नाही, आणि स्वतः बोलायचं तर डोळ्यांनी पाहिलेलं आधी. वाटलेलं मागून, जागा उरली तर.

पुण्याच्या माझ्या साडूला अजून पटत नाही, पण आमच्याकडे चिता जळत असतानाच घाटावर शोकसभा होते. अग्नी दिला की लोक शेडमध्ये येऊन बसतात, एक जण संचालन करतो, ओळखीचे चार जण बोलतात, मग सगळे उभे राहून शांत राहतात आणि घरी जातात. आमच्या भागात संचालन सरांकडे. कोणी गेलं की तिरडीच्या सामानाबरोबर सरांनाही निरोप जायचा. ते सकाळीच त्या घरी जाऊन बसायचे. मोठी चौकशी करायचे नाहीत. शेजारणीला विचारायचे, "दिवसभर हातात काय असायचं त्याच्या?" एका शिंप्याच्या शोकसभेत ते एवढंच म्हणाले होते, "नामदेवराव जेवतानाही मापाची टेप गळ्यातून काढत नसत. वहिनी रोज म्हणत, काढा ती. ते रोज म्हणत, काढतो." एवढ्यावर सरांनी सोडून दिलं आणि त्या माणसाचं कोरडं पडलेलं पोरगं पहिल्यांदा रडलं.

बाकीचे वक्ते म्हणजे विचारू नका. पुढारी आले की मयताबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त. सर संचालक म्हणून शेजारी उभे राहायचे आणि भाषण रुळावरून उतरलं की मागून वक्त्याचा सदरा ओढायचे. पहिल्यांदा हळू. मग जरा जोरात. एका माजी नगरसेवकानं कोणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या एका म्हाताऱ्याच्या समाजकार्यावर असा काही सूर लावला की सरांनी ओढता ओढता त्याच्या कुर्त्याची शिवण उसवली. घाटावर हसायचं नाही म्हणून आम्ही मेलो नुसते.

हे सगळं सांगतो ते एवढ्यासाठी, की त्या दिवशी लोकांनी सरांचं ऐकलं ते का ऐकलं, हे कळावं.

सुनील आमच्या शाळेत शिकलेला पोरगा. आमच्या मागच्या गल्लीत आई आणि बायकोसोबत राहायचा. कळमन्याकडे एका धान्याच्या गोदामात कामाला होता, हमालांवर देखरेख करायचा. तिथं पोत्यांची थप्पी फार उंच रचली होती आणि खालची पोती ओलसर होती. हमाल कुरकुरत होते. तरी मालकानं माल काढायला सांगितलं. दुसऱ्याला धोक्यात कशाला घाला म्हणून सुनील स्वतः पुढे झाला आणि अख्खी थप्पी त्याच्यावर आली.

गल्ली पेटली होती. मोठ्या माणसांनी ठरवलं की गोदाम मालकानं रंजनाला ऑफिसात नोकरी देतो असं लिहून दिल्याशिवाय अग्नी द्यायचा नाही. कायद्यानं जे मिळायचं त्याची केस होईल तेव्हा होईल, चूल रोज पेटवावी लागते. रंजना बारावी झालेली, कॉम्प्युटर शिकलेली. मागणी काही अवाजवी नव्हती. तिरडी घाटावर आणून ठेवली आणि माणसं बसून राहिली. एप्रिलचं नागपूरचं ऊन. पोलीस आले, तेही सावली पाहून उभे राहिले. सुनीलची आई तिरडीजवळ बसली होती आणि पदरानं माश्या वारत होती.

दुपारी मालक आला. म्हातारा शेठ नव्हे, त्याचा मुलगा, छोटे शेठ म्हणायचे त्याला. तिशीतला, धंद्यात नवीन. सोबत मुनीम. लोक एकदम उठले आणि त्याच्या अंगावर गेले. सर मध्ये पडले, त्याला हाताला धरून कडुनिंबाखाली बाजूला नेलं. मी नळाजवळ उभा होतो. काही ऐकू येत नव्हतं. छोट्या शेठचे हात दिसत होते. रुमाल धरता येत नव्हता त्याला, इतके कापत होते.

तिथं काय झालं ते सरांनी मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "सर, मेरी जबान है. तेरवी होऊ द्या, वहिनीले ऑफिसमध्ये घेतो. पक्का." सर म्हणाले, "मंग हेच लोकायले सांगा. तुमच्या तोंडानं." त्यानं लोकांकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. हे मात्र मीही पाहिलं. ओठ हलले आणि बंद झाले. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यभर दर रविवारी जे करत आले तेच केलं. त्यांना समोर वर्गातला नवीन पोरगा दिसला असणार, ज्याचं मन स्वच्छ आहे आणि फक्त जीभ वळत नाही. "आप बोलो ना सर," तो म्हणाला. "आपकी बात सुनते हैं लोग."

आणि सर दुसऱ्याच्या वाटचं बोलले.

हात मागे बांधले, गर्दीकडे तोंड करून उभे राहिले. सगळे गप्प होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "सुनील माह्या वर्गात होता. मी त्याच्या तिरडीपाशी उभा राहून बोलून राहिलो. शेठनं मले शब्द दिला. तेरवी झाली की रंजना ऑफिसात बसंल. आज त्याचा हात चालत नाही, हे मी डोळ्यानं पाह्यलं. लिहून मागू नका. त्याच्या शब्दासाठी मी उभा आहो."

"लेखी पाहिजे," सुनीलची आई म्हणाली. मान वरही न करता.

सगळे रंजनाकडे पाहत होते. ती सरांकडे पाहत होती. मग म्हणाली, "सर म्हणून राहिले तं होऊ द्या." आणि अग्नी दिला गेला.

तेरवी झाल्यावर सर रंजनाला घेऊन गोदामात गेले. मीही होतो. छोट्या शेठनं खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं, चहा मागवला. मग खाली पाहत म्हणाला, "बाबूजी नहीं मान रहे, सर. म्हणतात, आज एकाले दिलं तर उद्या सगळेच मागतील." सरांनी शब्दाची आठवण करून दिली. तो आणखी खाली पाहत म्हणाला, "सर, मी तर लोकांसमोर काहीच बोललो नाही. बोले तो आप." हे तो उर्मटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी नम्रपणे बोलला. घाटावर तो खोटं बोलला असंही मला वाटत नाही. त्या उन्हात, त्या गर्दीसमोर, त्या घटकेला त्यालाही ते खरंच वाटलं असेल.

संध्याकाळी सर माझ्या घरी आले. पाणी दिलं तर पेला हातातच धरून बसले.

"पेंटर, तुम्ही माणसायचे चेहरे काढता. भेलेला माणूस अन् खरा माणूस, फरक दिसते काय गा तुम्हाले?"

"कधी दिसतो, कधी नाही."

"मले वाटे, ज्याले बोलताच येत नाही तो खोटं काय बोलंल? पूर्ण जिंदगी हेच समजून शिकवलं. बोलता येणाऱ्यायवर नजर ठेवली. हा भेला होता नुसता. अन् मी त्याच्या भेवाले जबान समजलो."

त्या रविवारपासून वर्ग बंद झाला. कारण विचारणाऱ्यांना ते तब्येतीचं सांगायचे. घाटावर बोलावणं आलं की जायचे, मागे उभे राहायचे, संचालन दुसऱ्याकडे. रंजनाकडे मात्र नेमानं जायचे. ती चहा करायची. सुनीलची आई सर आले की उठून आत जायची, एक शब्द बोलायची नाही. रंजना तोवर दोन घरी स्वयंपाकाला जाऊ लागली होती. एकदा तिनं सरांसमोरच सुनीलचा मोबाईल विकायला शेजारच्या पोराकडे दिला. सर चहा न पिताच उठले, असं तीच मला म्हणाली.

शेवटी सरांनी कामगार ऑफिसात अर्ज केला. साहेब सभ्य माणूस होता. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालकानं शब्द दिला, तो तुमच्याशिवाय आणखी कोणी ऐकला?"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सर, मी ऐकला असं सांगतो. मी तिथंच होतो."

"तुम्ही नळापाशी होते."

"कोणाला माहीत?"

"मले माहीत आहे ना," सर म्हणाले. "तुम्ही पाह्यलं पेंटर, ऐकलं नाही. जे ऐकलं नाही ते नका सांगू. एकदा मी दुसऱ्याच्या वाटचं बोललो, त्याचंच हे होऊन राहिलं."

मी खूप वाद घातला. इथं तत्त्व कसलं धरून बसता, पोरीच्या पोटाचा प्रश्न आहे, असं बरंच बोललो. ते ऐकेनात. मला सरांचा राग आला, सरळ सांगतो. आणि मी रागारागात ते सगळं रंजनाला जाऊन सांगितलं. तिला वाईट वाटावं म्हणून नाही, तिनं सरांना समजवावं म्हणून.

ती दुसऱ्याच दिवशी सरांच्या दारात उभी राहिली. मी तिथं होतो. आत या म्हटलं तरी आली नाही.

"सर, घाटावर त्या माणसाच्या वाटचं तुम्ही बोलले. त्याले बोलता येत नव्हतं म्हणून. आता माह्यासाठी एक माणूस बोलून राहिला तं त्याले बोलू देत नाही तुम्ही. तेव्हाही तुमचंच खरं अन् आताही तुमचंच खरं. माह्या पदरात काय पडलं जी?"

एवढं बोलून ती निघून गेली.

त्यानंतर काही महिने असेच गेले. बाजारात मात्र गोष्ट फिरत होती. धान्याचा सगळा धंदा तोंडी चालतो. नमुन्याचे चार दाणे हातात घेऊन सौदे होतात. अशा ठिकाणी छोट्या शेठनं घाटावर दिलेला शब्द फिरवला, असं हमाल उघड बोलू लागले. चांगल्या टोळ्या त्या गोदामाचं काम घेईनात. अडते थट्टा करू लागले. म्हाताऱ्या शेठला हे झोंबलं आणि त्यानं मुनीमाला सरांकडे पाठवलं.

सर माझ्याकडे आले ते थेट म्हणाले, "उद्या गोदामात चला. रंजनाले कामावर घेऊन राहिले."

मी आनंदानं उठलोच. "अखेर शब्द पाळला तर!"

"नाही. शब्द दिलाच नव्हता असं मी सांगायचं. सगळ्यायसमोर. मंग तिले खुर्ची देतील."

मला काही क्षण अर्थच लागेना. मग मी जे मनात आलं ते बोललो. खोटी साक्ष नको म्हणणारा माणूस आता अख्ख्या बाजारासमोर खोटं बोलणार?

"ते तुमच्याकडून खोटं बोलवणं होतं," सर म्हणाले. "हे माह्यं आहे. घाटावर म्हणलं होतं ना मी, उभा आहो म्हणून. मंग राहतो उभा." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "रंजनाले काही सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका, ना आता ना मंग. तिले कळलं तं ती त्या खुर्चीवर बसणार नाही. शब्द द्या मले."

मी दिला. नाइलाज होता.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या अंगणात दुपारच्या सुट्टीत हमाल जमले होते, बाजारातले काही अडते होते, आमच्या गल्लीतले लोक होते. रंजना नीटनेटकी साडी नेसून आली होती, सासूला सोबत घेऊन. म्हातारा शेठ खुर्चीवर. छोटे शेठ त्याच्या मागे. सर मध्ये जाऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी हात मागे बांधले नाहीत. ते नुसते अंगालगत लोंबत होते, कोणाचे तरी दुसऱ्याचे असावेत तसे.

"मालकानं मले कोणताच शब्द दिला नव्हता," सर म्हणाले. "मी आपल्या मनानं बोललो. ऊन होतं, लोक भडकले होते, पोलीस उभे होते. सभा आवरायची घाई झाली मले. लोक माह्यं ऐकतात याचा गर्व होता. त्या गर्वात बोलून गेलो. शेठचं नाव फुकट खराब झालं. आज ते स्वतःच्या मनानं या पोरीले काम देऊन राहिले. चूक माही आहे."

एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. यातलं काय खोटं आहे हे पक्कं माहीत असूनही मला क्षणभर ते खरं वाटलं. छोट्या शेठनं सरांकडे पाहिलं आणि तोंड फिरवून पोत्यांकडे पाहत राहिला. हमालांमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी मागून "मास्तर, शोभलं काय तुम्हाले हे?" असं म्हणालं. आमच्या गल्लीतल्या एकानं तर शिवी हासडली. सर उभेच होते.

रंजना पुढे आली. तिचा चेहरा मी अजून विसरलो नाही. राग नव्हता त्यावर. काहीतरी विझत होतं आणि मला ते दिसत होतं. मी जीभ दाताखाली धरून उभा होतो.

"म्हणजे सर," ती म्हणाली, "त्यानं तुम्हाले काही म्हणलंच नव्हतं?"

सर तिच्या डोळ्यांत पाहत होते. "नाही," ते म्हणाले.

"तुम्ही आपल्या मनानंच?"

"हो, बेटा."

तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि मुनीमाच्या मागे ऑफिसकडे गेली. वळून पाहिलं नाही. काचेच्या दारातून ती खुर्ची पुढे ओढून बसताना दिसली. सर तिथपर्यंत पाहत राहिले. मुनीमानं तिच्यापुढे कॉम्प्युटर सुरू करून दिला आणि दार लावून घेतलं.

लोक पांगले. फाटकाजवळ सुनीलची आई उभी होती. घाटावरच्या दिवसानंतर ती सरांशी एक अक्षर बोलली नव्हती. सर जवळ आले तशी ती बाजूला झाली नाही. वर मान करून तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"आज तरी खरं बोलले मास्तर," ती म्हणाली.

सरांनी तिला हात जोडले आणि आम्ही ऑटो पाहायला रस्त्यावर आलो.